पाटाकडची रांग

ऐत तिस्ली, मिदेल्तच्या वर
१६ फेब्रुवारी १९९७

वडीलबंधू झायददादास,
धाकट्या इत्तोचा सलाम वि. वि.

तुझं पत्र आणि वहिनीनं दिलेला शबाकियाचा डबा बसच्या ड्रायव्हरनं ईदच्या दुसऱ्या दिवशी पोचवला. डबा निम्मा होता. ड्रायव्हर म्हणाला, रस्ता खराब आहे, सांडलं असेल. त्याच्या मिशीला तीळ चिकटले होते. तरी वहिनीला सांग, उरलेली मिठाई यम्मानं तोंडात घोळवून घोळवून खाल्ली आणि दर घासाला सुनेला दुवा दिली.

आता कासाब्लांकाच्या त्या गृहस्थाचं. आपल्या बागेला तो चांगला भाव द्यायला तयार आहे, हे वाचलं. यम्माला मात्र वाचून दाखवलं नाही. मागच्या जूनमध्ये गारांनी जे केलं ते पुन्हा झालं, तर आम्ही दोघी हिवाळा कसा काढणार, असं तू विचारतोस. खरं आहे दादा. सफरचंदांना देवी आल्यासारखं झालं होतं. पेटीत भरायला कुणी घेईना, शेवटी मेंढ्यांना घातली. तू होतास म्हणून चूल पेटली, ते मी विसरलेले नाही. पण बाग बाबांनी लावलेली, ती विकायला हात धजत नाही.

तूच लिहिलंयस, फुलोरा यायच्या आत परवडेलसा विमा मिळाला तर विक्रीचं नाव काढणार नाही, आणि नाही मिळाला तर मी मुकाट्यानं सही करायची. ठरलं. बाजाराच्या दिवशी मिदेल्तला जाऊन एका कचेरीत चौकशी केली. टेबलामागच्या मुलानं हप्ता सांगितला. मी म्हटलं, बाबा रे, गार पडली तर निम्मं पीक जातं, आणि तुझा हप्ता भरला तर गार न पडताही निम्मं जातं. मग माझी गारच बरी, ती निदान दर वर्षी येत नाही. तो हसला नाही. शहरात राहून माणसं हसायची विसरतात का? तुझ्यासाठी विचारते.

तुझ्या दुकानात साहेबलोक झगे शिवायला येतात ना, त्यांतल्या कुणाला तरी विचार.

बास्सू काकांशी बोलणं अजून नाहीच. त्यांची पाण्याची पाळी संपली की पाटाच्या दगडावर फावडं आपटतात, त्यावरून आम्ही समजायचं. दोन बागांच्या मधली ती पाटाकडची झाडांची रांग, बाबा गेल्यापासून आम्ही म्हणतो आमची, ते म्हणतात त्यांची. यंदाही तिची फळं कुणी तोडली नाहीत, सफरचंदं झाडाखाली कुजली. बाबा आणि ते एका ताटात जेवायचे, हे आता कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

यम्मा सांगते, खोकला अंगावर काढू नकोस. आमच्यावर माया आहेच, ती जरा वाढली तरी आमची ना नाही.

तुझी,
इत्तो


मेकनेस
२ मार्च १९९७

चि. इत्तोस,
अनेक आशीर्वाद. यम्माच्या दोन्ही हातांना माझे ओठ.

मी अजून हसतो. परवा एका गिऱ्हाइकाच्या झग्याला दोन्ही बाह्या डाव्या शिवल्या, तेव्हा मी सोडून सगळं दुकान हसलं, एवढंच.

तुझं काम केलं आहे. सी जिलाली नावाचे एक साहेब आहेत, विमा कंपनीत शेतीचं काम पाहतात. मोठ्या ईदसाठी झगा शिवायला आले होते. खांद्याचं माप घेता घेता मी विषय काढला. ते म्हणाले, एकट्या बागेचा विमा महागच पडणार, कारण ज्याला गारेची धडकी भरलेली असते तोच येतो. पण एका पाटावरच्या सगळ्या बागा एकदम आल्या, तर हप्ता तिसऱ्या हिश्श्यावर येतो. गार काही सगळ्यांवर एकदम पडत नाही. मला पटलं. आपणही वीतभर कापड घेतलं की महाग आणि गठ्ठा घेतला की स्वस्त.

अटी मात्र कडक आहेत. वरपासून खालपर्यंत सगळा पाट हवा, मधला एक गाळून चालणार नाही. प्रत्येकानं आपली झाडं किती ते खरं सांगायचं. आणि ज्या जमिनीवर वाद आहे ती घेणार नाहीत. आता तूच विचार कर, बास्सू मधोमध बसलाय, आणि आपल्या गावात कुणी कधी खरा आकडा सांगितलाय?

इत्तो, मला बाग विकायची हौस नाही. मागच्या जूनमध्ये गारा पडताना तू डोक्यावर परात धरून बागेत धावलीस आणि खांदे काळेनिळे करून परत आलीस, हे तू मला कळवलं नाहीस. यम्मानं सांगितलं. तेव्हापासून आभाळात ढग आला की माझा टाका वाकडा जातो. बाग गेली तर दुसरी लागेल, बहीण कुठून आणू? सी जिलाली पुढच्या आठवड्यात तिकडे येतील. चहा नीट कर, साखर कमी घालू नकोस.

तुझ्या काळजीनं अर्धा झालेला, तरी वजनानं पूर्वीइतकाच,
झायद


ऐत तिस्ली
१२ मार्च १९९७

झायददादास,
सलाम वि. वि.

सी जिलाली येऊन गेले. तू शिवलेला झगा घालून आले, त्यामुळे निम्मं काम आधीच झालं. एवढ्या चांगल्या शिलाईचा माणूस लबाड नसणार, असं गावाचं मत पडलं.

शाळेच्या अंगणात सगळे जमले. बास्सू काकाही आले, भिंतीशी पाठ लावून दूर बसले. साहेबांनी समजावून सांगितलं, आणि सर्वांत आधी कळलं ते यम्माला. ती म्हणाली, अरे, ही तर तिविझीच की. कुणाची भिंत पडली की सगळा गाव येऊन बांधून देतो, तशी ही कागदावरची, फक्त चहा पाजायला नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग साहेबांनी पेन उघडलं आणि पहिल्याला विचारलं, झाडं किती. आणि गावाची वाचाच गेली.

तुला काय सांगायचं! आपल्या मालाचा आकडा आपल्याच तोंडानं चारचौघांत सांगायचा म्हणजे वाईट नजरेला घरी जेवायला बोलावणं. हम्मू म्हणाला, थोडी आहेत. त्याचा भाऊ म्हणाला, त्याच्याहून थोडी कमी. हाज्जा तुदा म्हणाली, तिला मोजता येत नाही. ही बाई बाजारात अंडी विकते. यम्माला विचारलं तर तिनं नजर उतरवायला पाचही बोटं साहेबांच्या तोंडासमोर धरली आणि म्हणाली, कुठली झाडं, काटक्या आहेत काटक्या. साहेबांनी लिहून घेतलं, पाच. मग ते म्हणाले, मी स्वतः फिरून मोजतो. तर सगळे बांधावर आडवे उभे राहिले. परक्यानं बोट दाखवत झाडं मोजायची म्हणजे फुलोरा गळालाच म्हणायचं.

बेरीज करून ते म्हणाले, या हिशेबानं तुमच्या पाटावर एका बकरीला पुरेल एवढा पालाही नाही. खोट्या आकड्यावर भरपाईही खोटीच मिळेल. महिनाअखेर एकदा येतो, तेव्हा खरं सांगा, नाही तर माझा नाद सोडा. मला रडूच आलं. सही करायचा कागद डोळ्यांपुढे दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी भाकरी भाजताना यम्मा हम्मूच्या बागेबद्दल बडबडत होती. लाल किती, पिवळी किती, कुठलं वाळलंय, कुठल्याला पोपडे आलेत. मी भाकरी तशीच तव्यावर करपू दिली. दादा, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हीच तर आपल्या गावाची रीत. स्वतःचं कुणी सांगत नाही, पण शेजाऱ्याचं प्रत्येकाला पाठ असतं. मग शेजाऱ्याचंच सांगावं! तबारकल्ला म्हणून सांगावं. दुसऱ्याच्या मालाला असा आशीर्वाद दिला की नजर लागत नाही, हे तर इमामही मान्य करतात. एकेकानं शाळेच्या खोलीत जायचं, दार लावायचं, साहेबांच्या कानात सांगायचं आणि बाहेर यायचं. घरोघरी जाऊन हे पटवलं. पटायला वेळच लागला नाही, सगळ्यांनाच शेजाऱ्याचं सांगायची घाई झालीय.

एकच घोळ आहे. आपले शेजारी बास्सू काका. आपली झाडं ते सांगणार आणि त्यांची मी. त्यांनी होकार दिला, पण तोंडानं नाही, नुसती मान हलवून.

आता काय करू ते लवकर कळव. तुझ्या शब्दाची वाट पाहणारी,
इत्तो


मेकनेस
१८ मार्च १९९७

चि. इत्तोस,
आशीर्वाद.

घाईत लिहितो आहे, बस सुटते आहे. डोकं चालवलंस त्याबद्दल शाबास. पण बास्सूच्या हातात आपल्या घराची मान देतेस हे कळतंय ना? तो आपली निम्मीच सांगेल. आणि पाटाकडची रांग तर स्वतःच्या नावावर सांगून मोकळा होईल.

रांग सोडू नकोस. त्या झाडांचे खड्डे बाबांनी खणलेले मी पाहिलेत. मी लहान होतो, त्या खड्ड्यात उभा राहिलो की माझं नुसतं डोकं वर दिसायचं. बाकी काही गेलं तरी चालेल, ती रांग आपली आहे, हे साहेबांना तूच स्पष्ट सांग.

रागावलो नाही. घाबरलोय.

तुझा,
दादा


ऐत तिस्ली
२८ मार्च १९९७

झायददादास,
सलाम वि. वि. आणि आधीच माफी.

परवा सगळं पार पडलं. विमा झाला दादा! हप्ता मी विणून विकलेल्या गालिच्याच्या पैशात बसला आणि वर साखरेच्या एका ढेपेपुरते उरले. हम्मू खोलीतून बाहेर आला तो छाती काढून, जणू भावाची झाडं त्यानंच जन्माला घातली. हाज्जा तुदाला अचानक मोजता यायला लागलं. साहेब म्हणाले, इतका खरा हिशेब तर सरकारकडेही नसतो.

आता तुला आवडणार नाही ते सांगते. माझी पाळी आली, मी आत गेले. बास्सू काकांची झाडं सांगितली, एकही कमी नाही. मग साहेबांनी विचारलं, पाटाकडची रांग कुणाची? तुझं पत्र माझ्या कमरेला खोचलेलं होतं. पण मला आठवलं, वादाची जमीन ते घेत नाहीत. मी आमची म्हटलं असतं आणि काकांनीही त्यांचीच म्हटलं असतं, तर रांगेपायी दोन्ही बागा गेल्या असत्या आणि मधे पाट तुटला म्हणून सगळा गावही. मी तबारकल्ला म्हटलं आणि सांगितलं, रांग बास्सू काकांची.

काका माझ्यानंतर आत गेले, बराच वेळ होते, आणि कुणाकडे न बघता निघून गेले. मी परतताना बाबांच्या कबरीवर थांबले. त्यांना म्हटलं, तुमची एक रांग दिली, पण बाग ठेवली. ते काय म्हणाले असते कोण जाणे. तू काय म्हणशील ते मात्र माहीत आहे, म्हणून दोन दिवस पत्र टाकायचा धीर झाला नाही.

रागावलास तरी लिही. न लिहिता रागावू नकोस, तेवढंच मागणं.

तुझी,
इत्तो


मेकनेस
६ एप्रिल १९९७

माझ्या इत्तोस,
अनेकानेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा रागावलो. खोटं का सांगू, चार दिवस दुकानात कुणाशी धड बोललो नाही. सविस्तर रागाचं एक पत्र लिहूनही ठेवलं होतं. ते आता चुलीत गेलं. का, ते ऐक.

काल सी जिलाली आले, झग्याची बाही उसवली म्हणून. बसले आणि डोक्याला हात लावून म्हणाले, झायद, तुमच्या गावानं माझं डोकं फिरवलंय. ती पाटाकडची रांग दोनदा मोजली गेली. मी म्हटलं, दोनदा कशी, इत्तोनं तर ती देऊन टाकली. ते म्हणाले, दोघं आपापली म्हणाले असते तर मला कळलं असतं, असे तंटे रोजचेच. हा मी पाहिलेला पहिलाच तंटा, ज्यात दोन्ही पक्ष हरायला निघालेत.

तुझ्यानंतर बास्सू काका आत गेले. त्यांनी बाबांची झाडं सांगितली, मुळाशी वाकलेल्या त्या झाडासकट सगळी. मग साहेबांनी रांगेचं विचारलं. काकांनी बाबांचं नाव घेतलं, म्हणाले, रांग ब्राहिमची. खड्डे त्यानं खणले, मी नुसता काठावर बसून त्याच्याशी गप्पा मारत होतो.

मी साहेबांची बाही शिवत होतो. डोळ्यांपुढे काही दिसेना, सुई बोटात गेली. साहेबांनी विचारलं, फार लागलं का. मी हो म्हटलं.

इत्तो, तू माझ्यापेक्षा शहाणी आहेस. हे एकदाच लिहितो आहे, पत्र जपून ठेव. कासाब्लांकाच्या माणसाला मी नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला पस्तावाल. मी म्हटलं, पस्तावलो तर विमा आहे. आता रांग नक्की कुणाच्या नावावर लिहायची ते दोघांनी ठरवून ईदपर्यंत कळवा, असं साहेबांनी बजावलंय. त्यांच्या कागदात एक झाड दोनदा बसत नाही म्हणे.

काकांना माझा सलाम सांगशील? मला त्यांच्याकडे तोंड करून बघायला थोडा वेळ लागेल.

तुझा ऋणी,
झायद


ऐत तिस्ली
२० एप्रिल १९९७

दादास,
ईदच्या शुभेच्छांसह सलाम वि. वि.

तू ईदला यायला हवा होतास. तुझं पत्र मी यम्माला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं, मग डोक्याला रुमाल बांधला, कुर्बानीच्या मटणाचा चांगला वाटा काढला आणि म्हणाली, चल. बाबा गेल्यापासून त्या घराचा उंबरा आम्ही ओलांडला नव्हता.

काका चुलीपाशी होते. आम्हाला बघून डोळे पुसायला लागले आणि म्हणाले, धूर फार झालाय. चूल विझलेली होती. मी विचारलं, काका, असं का केलंत. ते म्हणाले, मी तुमच्या बागेतलं एकेक झाड आठवत होतो आणि प्रत्येकाला तबारकल्ला म्हणत होतो. इतकी वर्षं वाईटसाईट बोललेलं तोंड, त्याला त्या दिवशी चांगलं बोलायची सवय लागली. रांगेपाशी आल्यावर ते थांबलंच नाही. मग मला म्हणाले, तू का केलंस. मी म्हटलं, मला नुसती भीती होती. ते म्हणाले, असू दे, भीतीनं का होईना, दिलंस तर खरं.

पण इथवर गोड. पुढे जे भांडण जुंपलं ते ऐकायला हवं होतंस. ते म्हणतात रांग तुमची, यम्मा म्हणते तुमची. ते म्हणाले, ब्राहिमच्या मुलांचं मी खाणार नाही. यम्मा म्हणाली, मग मीही तुझ्या हातचा चहा पिणार नाही. चहा मात्र प्यायली. ईद उलटली तरी मिटेना. शेवटी सी जिलालींनी निरोप पाठवला की मी थकलो, देण्यावरून भांडणं हा काही वाद नव्हे, रांग वगळून बाकीचं लिहितो, त्या झाडांना अल्लाह सांभाळेल.

तेव्हा सगळ्या पाटावर विमा आहे, फक्त त्या रांगेला नाही. फुलोरा आलाय दादा. वरून बघितलं की बर्फ पडल्यासारखं दिसतं. आज सकाळी पाण्याची पाळी बदलली. फावडं वाजलं नाही, काकांनी मला नावानं हाक मारली.

यायचं तेवढं मनावर घे.

तुझी,
इत्तो


ऐत तिस्ली
१९ ऑक्टोबर १९९७

झायददादास,
सलाम वि. वि.

जूनच्या गारेचं तुला तेव्हाच कळवलं होतं. या वेळी मी परात घेऊन धावले नाही, घरात यम्माच्या शेजारी बसून राहिले. छपरावर दगडं पडल्यासारखा आवाज येत होता आणि यम्मा माझा हात धरून म्हणत होती, बस, बस, आता हे साहेबांचं काम आहे. तुझ्या जिवाला घोर नको, माझे खांदे गोरेच आहेत.

गार पडली ती आपल्यावर आणि काकांवर. वरचा पाट कोरडा राहिला. गेल्या आठवड्यात भरपाई हातात आली. पूर्ण, एक झाडही न गाळता. हिवाळ्याचा गहू, सरपण आणि यम्माच्या डोळ्यांचं औषध भरून झालं. तुझ्याकडून या वर्षी काही नको, उलट वहिनीला लोकर पाठवते आहे.

यम्मानं विचारलं, हे दिलं कुणी. मी म्हटलं, ज्यांच्यावर गार पडली नाही त्यांनी. हम्मूनं, त्याच्या भावानं, हाज्जा तुदानं, सगळ्यांच्या हप्त्यातून आलं. तेवढ्यावर तिनं गरम भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि घरोघर आभार मानायला निघाली. हम्मू लाजून म्हणाला, मी काही दिलं नाही, कंपनीनं दिलं. यम्मा म्हणाली, गप बस आणि भाकरी खा. आणि दादा, तुझ्या वाटचे आभारही मीच मानते, कारण तू सोबत नसतास तर मी मार्चमध्येच सही केली असती.

आता रांगेचं. तिला विमा नव्हता, तिचं काही मिळालं नाही, आणि तिलाही गारेनं सोडलं नाही. सफरचंदांवर डाग आहेत. पण यंदा ती कुजली नाहीत. काका शिडी घेऊन आले, मी टोपल्या नेल्या. ते तोडत होते आणि मी खाली धरत होते. बाबा कसे खड्डा खणताना शिव्या द्यायचे आणि बढाया मारायचे, ते काका सांगत होते. फोडी करून दोन्ही घरांच्या गच्चीवर वाळत घातल्यात. एक पिशवी त्याच ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे, पोचेल तितकी तुझी.

तू मागच्या पत्रात विचारलंस की रांगेतून यंदा किती टोपल्या निघाल्या. ते मी सांगणार नाही. काकांनाही विचारून पाहिलं, तर आभाळाकडे बघत म्हणाले, कुठल्या टोपल्या, काटक्या आहेत काटक्या. आपल्या मालाचा आकडा कोण सांगतो दादा?

आमची आठवण ठेवतोसच, ती पिशवी संपल्यावरही ठेव.

तुझीच,
इत्तो